सुभेदार डुबल यांचा मासा

सुभेदार किसन डुबल कुणाच्याही घरी गेले की आधी पंख्याकडे बघायचे, मग माणसाकडे. पंखा फिरत असला तर उंबऱ्यावरच थांबायचे. "आधी वारा बंद करा, मग बोलू," म्हणायचे आणि कुणीतरी उठून बटण दाबेपर्यंत पाय आत टाकायचे नाहीत. दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात, गाझियाबादमधल्या आमच्या सोसायटीच्या सातव्या मजल्यावर, ते पहिल्यांदा माझ्या दारात उभे राहिले तेव्हाही हेच झालं. हातात शंकरपाळ्यांचा डबा होता. मी म्हटलं, "या ना, बसा." ते माझ्या डोक्यावरून छताकडे बघत म्हणाले, "तीनवर हाय. एकवर करा न्हायतर बंद करा. मी पाचव्या मजल्यावरचा डुबल. दारावरची पाटी वाचली, आपलं माणूस दिसलं."

वय साठीच्या पुढे, उंची बेताची, इस्त्रीचा शर्ट, पायात तपकिरी कॅनव्हासचे बूट. घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला बांधलेलं. लिफ्ट चालू असतानाही जिन्याने चढायचे. मूळ गाव कराडजवळ. बायको गावीच, शेत आणि म्हैस सांभाळत. "तिला दिल्लीची हवा सोसत न्हाई आन् मला म्हशीची. तरी तीस-पस्तीस वर्षं जमलंय," असं ते सांगायचे. मुलगा आणि सून गुरुग्रामला नोकरी करायचे, सकाळी आठला निघायचे आणि रात्री परत यायचे. मधला सगळा दिवस सुभेदारांचा.

सैन्यात ते तोफखान्याच्या हवामान तुकडीत होते. त्या कामाची माहिती मला नव्हती. त्यांनी ती तीन वाक्यांत दिली. तोफेचा गोळा लांब जातो, त्याला वरचा वारा लागतो. तो वारा खालून कळत नाही म्हणून एक फुगा सोडायचा आणि दिसेनासा होईपर्यंत दुर्बिणीतून त्याच्याकडे बघत राहायचं. फुगा कुठे सरकतो त्यावरून तोफांचं तोंड वळवायचं. "किती फुगे सोडले त्याची गिनती न्हाई, मॅडम. एक परत आला न्हाई." हे वाक्य त्यांच्या तोंडून मी निदान दहा वेळा ऐकलं. दर वेळी ते त्याच जागी थांबायचे आणि समोरच्याने हसावं की नाही हे त्याच्यावर सोडायचे.

त्या सोसायटीत मी अकरा वर्षं राहते. फाटकावरचा गार्ड अजूनही मला अधूनमधून विचारतो, "मैडम, कौन सा फ्लैट?" सुभेदारांना येऊन दीड वर्ष झालं होतं आणि तोच गार्ड त्यांना लांबून सलाम ठोकायचा. भाजीवाला त्यांच्यासाठी कोथिंबीर बाजूला काढून ठेवायचा. सोसायटीच्या बैठकीत पार्किंगवरून दोन गट एकमेकांवर ओरडत असताना ते उठले आणि म्हणाले, "साहबान, पहले पंखा बंद कीजिए. आधी से ज़्यादा बातें उड़ रही हैं." लोक हसले, पंखे बंद झाले आणि बैठक वीस मिनिटांत संपली. हे मी डोळ्यांनी पाहिलं. त्याच बैठकीत त्याआधी मी मुद्देसूद निवेदन वाचलं होतं. ते कुणी ऐकलं नव्हतं.

इथपर्यंतचा हेवा किरकोळ होता. खरा पुढे सुरू झाला, आणि त्यासाठी माझ्या वडिलांविषयी सांगणं भाग आहे.

अण्णा बार्शीला वजनमापे निरीक्षक होते. बाजारपेठेतले तराजू तपासणं, वजनांवर शिक्का मारणं, खोटी वजनं जप्त करणं हे त्यांचं काम. तराजूचा काटा मधोमध थांबला की ते एकच शब्द उच्चारायचे: "बरोबर." हा शब्द ते इतर कशासाठी वापरायचे नाहीत. मी एका मराठी दैनिकाच्या दिल्ली ब्यूरोत बावीस वर्षं काम करते. अंक बार्शीला पोचला की अण्णा माझी बातमी लाल पेन्सिलीने वाचायचे आणि रविवारी फोनवर चुका सांगायचे. चूक नसली तर म्हणायचे, "चालेल." बावीस वर्षांत मला "चालेल" पुष्कळ वेळा मिळालं. "बरोबर" एकदाही नाही. मी कधी मागितलं नाही, पण वाट बघत होते.

मे महिन्यात त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. मी त्यांना गाझियाबादला आणलं. दिवसभर त्यांच्याजवळ राहायला रेखा नावाची बाई ठेवली. ती बिहारची, कामाला चोख. जून ते नोव्हेंबर अण्णांच्या तोंडून "हं" आणि "ना" याखेरीज काही निघालं नाही. वाचाउपचार करणाऱ्या बाई आठवड्यातून दोनदा यायच्या आणि चित्रांची कार्डं दाखवायच्या: कप, गाय, छत्री. अण्णा कार्डाकडे न बघता खिडकीकडे बघायचे. डॉक्टर म्हणाले, बोलायची इच्छा व्हायला हवी. ती कशाने होईल हे त्यांनी सांगितलं नाही.

मासा नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी आला. सुभेदारांच्या मुलाने तो आपल्या मुलीच्या वाढदिवसाला आणला होता. दोन दिवसांत तिचं मन उडालं आणि खोका माळ्यावर गेला. सुभेदारांनी तो खाली काढला आणि आमच्याकडे घेऊन आले. चकचकीत कागदाचा, माणसाच्या छातीपर्यंत येईल एवढा लांब, करड्या रंगाचा शार्क. त्यात हेलियम भरायचा. शेपटी वेगळी असते, तिला छोटी मोटर. ती पट्टीने चिकटवायची. पोटाखाली एक लांब पट्टी आणि तिच्यावर पुढेमागे सरकणारी डबी. डबी पुढे सरकली की माशाचं नाक खाली जातं, मागे सरकली की वर. हातातल्या रिमोटवर दोन जोड्या बटणं: एक शेपटीची, एक डबीची. एवढंच यंत्र.

गॅस त्यांनी आधीच भरून आणला होता. वाढदिवसाची सजावट करणाऱ्या दुकानदाराला त्यांनी आधी सिलिंडर बाहेर काढून दाखवायला लावला होता. "लाल सिलिंडर म्हंजे हायड्रोजन. मी त्याच्यासंगं नोकरी केलीय, घरात आणणार न्हाई. तपकिरी असला तरच हेलियम." लिफ्टमध्ये मासा मावत नव्हता म्हणून तो कडेवर घेऊन जिन्याने आले होते. त्या दिवसांत दिल्लीची हवा इतकी वाईट होती की मी रोज त्याच विषयावर लिहीत होते. घराच्या खिडक्या महिनाभर बंद होत्या आणि कोपऱ्यात हवा शुद्ध करणारं यंत्र सतत घरघरत होतं. थंडीमुळे पंख्याचा प्रश्न नव्हता. सुभेदारांनी त्या यंत्राकडे बोट दाखवलं.

"ते बंद करा."

"काका, अण्णांच्या छातीला त्रास होईल."

"पंधरा मिनटं. माझा फुगा वर जाईस्तवर तोफा पण थांबायच्या."

मी यंत्र बंद केलं. मग सुरू झालं ते वजन. गॅस भरलेला मासा सोडला तर छताला जाऊन चिकटतो. त्याला हवेत जिथल्या तिथे थांबवायचं तर पोटाला मातीचे बारीक गोळे लावावे लागतात. खेळण्याबरोबर तशी न वाळणारी, मेणासारखी माती मिळते. सुभेदार ती बामाच्या रिकाम्या डबीत, शर्टाच्या खिशात ठेवायचे. त्यांनी वाटाण्याएवढा गोळा लावला. मासा वर गेला. आणखी एक, हळू वर गेला. मग मुगाएवढा. मग त्याच्या अर्धा. प्रत्येक वेळी मासा सोडायचे, दोन्ही हात मागे बांधायचे आणि श्वास धरून बघायचे. अण्णा खुर्चीत होते. त्यांनी खिडकीकडे बघणं सोडलं होतं.

माशाने त्या दिवशी खोलीत दोन फेऱ्या मारल्या आणि तो पुस्तकांच्या कपाटावर आपटला. जाताना सुभेदारांनी टाचा जुळवल्या. "साहेब, उद्या चार वाजता." अण्णांनी खुर्चीच्या दांडीवरच्या डाव्या हाताची दोन बोटं उचलली.

त्यानंतर ते रोज चार वाजता यायला लागले. रविवार सोडला तर चारला मी घरी नसायची. त्या वेळी कुठल्या तरी मंत्रालयाची पत्रकार परिषद नाहीतर बातमी पाठवायची घाई. घरात काय घडायचं ते मला रेखाकडून कळायचं. दारात उभं राहून सुभेदार आधी अहवाल द्यायचे: "साहेब, वारा शून्य. खोलीत बावीस अंश. मासा हजर." थंडीत गॅस आकसतो आणि मासा खाली येतो, दुपारी फुगतो आणि वर जातो, म्हणून वेळ बदलायची नाही हा त्यांचा नियम होता. रिमोट ते अण्णांच्या उजव्या हातात द्यायचे, डाव्या नाही. अंगठा हलला नाही तर वाट बघायचे. रेखाने एकदा मदत करायला हात पुढे केला तर म्हणाले, "रहने दो. साहब का अंगूठा छुट्टी पर है, वापस आएगा." आणि अण्णांना म्हणाले, "माशाकडं बगा, साहेब. हाताकडं न्हाई. हात आपोआप येतोय."

डिसेंबरच्या सुरुवातीला, एका बुधवारी, मी घरी आले तर रेखा दारातच.

"दीदी, आज बाबूजी बोले!"

"क्या बोले?"

"मराठी में बोले. बरोबर. मैंने अपने कान से सुना."

बातमीच्या धंद्यात माझा एक नियम आहे आणि तो मी नव्या मुलांनाही शिकवते: एका साक्षीदारावर बातमी द्यायची नाही, दुसरा शोधायचा. मी हातातली पिशवीही खाली न ठेवता पाचव्या मजल्यावर फोन लावला.

"काका, अण्णा आज काही बोलले का?"

"बोलले की. बरोबर म्हणाले. दोनदा."

"तुम्ही काही विचारलं होतं?"

"न्हाई. शेवटचा दाणा लावला, मासा थांबला. वर न्हाई, खाली न्हाई. तवा म्हणाले."

बातमी पक्की झाली. मी अण्णांच्या खोलीत गेले, त्यांच्यासमोर बसले आणि म्हटलं, "अण्णा, म्हणा ना एकदा." त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी पुन्हा म्हटलं. ते "ना" म्हणाले. वडिलांना सात महिन्यांनी शब्द फुटला याचा आनंद मला झाला होता, हे मी नोंदवते. पण त्या संध्याकाळी मी अर्ध्या ताटावरून उठले, याचं कारण आनंद नव्हतं. जो शब्द मी बावीस वर्षं मागे न लागता कमवायला बघत होते, तो पाचव्या मजल्यावरच्या माणसाला एका महिन्यात मिळाला होता. तोही खेळण्यावर.

पुढचे दोन आठवडे मी त्यांच्यातले दोष शोधले. हा माझा व्यवसाय आहे, मला ते जमतं. ते बूट घालून आत येतात. हवेचं यंत्र बंद करतात. अण्णांना फौजेतले विनोद सांगतात. रविवारी मी घरी असताना त्यांना बघत बसायची. ते दोघं बोलत नव्हते, तरी दोघांत काहीतरी सतत चाललेलं असायचं. मासा पलंगाखाली शिरला की सुभेदार म्हणायचे, "दुश्मन के इलाके में गया, साहेब. आता वाटाघाटी." आणि अण्णांच्या ओठाची डावी बाजू उचलली जायची. मी चहा द्यायला आत गेले की ती खाली यायची. कदाचित मला तसं वाटत असेल. पण मी तसं वाटून घेत होते.

एका रविवारी मी त्यांना दारातच थांबवलं. म्हटलं, "काका, डॉक्टर म्हणाले, अण्णांना थोडे दिवस विश्रांती हवी. कुणी भेटायला नको." डॉक्टर असं काही म्हणाले नव्हते.

सुभेदार माझ्याकडे बघत राहिले. मग छताकडे, पंखा बंदच होता. "ठीक हाय, मॅडम," ते म्हणाले. कडेवरचा मासा त्यांनी माझ्या हातात दिला. "हा राहू द्या. साहेबांना लागंल." आणि जिन्याने खाली गेले. बामाची डबी त्यांच्या खिशातच राहिली.

पहिले चार दिवस चार वाजता अण्णा दाराकडे बघायचे, असं रेखाने सांगितलं. पाचव्या दिवशी बघेनासे झाले. मासा दर दिवशी थोडा खाली येत होता, कारण गॅस हळूहळू निसटतोच. शेवटी तो जमिनीला टेकला. मी ठरवलं, हे काम मी करीन. शनिवारी सजावटवाल्याकडे गेले, सिलिंडर तपकिरी आहे याची खात्री केली, गॅस भरून आणला. रविवारी तीन वाजता यंत्र बंद केलं आणि मासा सोडला. तो छताला चिकटला. वजन हवं होतं आणि माती नव्हती. पाचव्या मजल्यावर जाऊन मागायची माझी तयारी नव्हती. ओट्यावर रेखाने पोळ्यांसाठी मळून ठेवलेली कणीक होती.

मी तिचे गोळे केले. वाटाण्याएवढे, मुगाएवढे, त्याच्या अर्धे. एका गोळ्यासाठी पाच वेळा चिमूट घेतली आणि चार वेळा काढली. मी नीटपणे काम करते, माझ्याविषयी एवढं कुणीही मान्य करील. चारला पाच मिनिटं कमी असताना मासा अण्णांच्या डोळ्यांसमोर, खोलीच्या मधोमध थांबला. वर नाही, खाली नाही. नाक सरळ. मी हात मागे बांधले आणि अण्णांकडे बघितलं.

त्यांनी माशाकडे बराच वेळ बघितलं. मग डावा हात उचलला, माशाच्या पोटाकडे बोट केलं, अंगठा आणि बोट एकमेकांवर चोळलं. पीठ तपासताना चोळतात तसं. मला कळलं नाही. मी म्हटलं, "अण्णा, थांबलाय ना?" त्यांनी हात खाली ठेवला.

"ना," ते म्हणाले.

सोमवारी सकाळी मी त्यांना उठवायला गेले तेव्हा मासा छताला होता, पाठ छताला टेकवून, निपचित. अण्णा आधीच जागे होते. ते त्याच्याकडे बघून हसत होते. आवाज करून. झटका आल्यापासून मी त्यांचं हसणं ऐकलं नव्हतं, आणि ऐकलं तेव्हा ते माझ्यावर होतं.

मी पाचव्या मजल्यावर गेले. सुभेदारांनी दार उघडलं. अंगावर इस्त्रीचा शर्ट, पायात बूट. आठ दिवस कुणी बोलावलं नव्हतं तरी.

"साहेबांची विश्रांती संपली?" त्यांनी विचारलं.

"संपली," मी म्हटलं.

ते वर आले, छताकडे बघितलं, खुर्चीवर चढून मासा खाली ओढला आणि पोटाखालचा एक गोळा नखाने खरवडला. तो खडूसारखा भुरभुरला.

"हे काय लावलंय?"

"कणीक."

सुभेदारांनी अण्णांकडे बघितलं, अण्णांनी सुभेदारांकडे. मग दोघंही हसायला लागले. सुभेदार इतके की त्यांना खुर्चीवरून उतरावं लागलं. "साहेब, ओलं वजन! तुमच्याच घरात! रातीत पाणी उडालं आन् वजन हलकं." ते माझ्याकडे वळले. "मॅडम, साहेबांनी ओल्या वजनाला सही दिली असती का? जन्मभर त्येच पकडलं की त्यांनी."

हे मला माहीत असायला हवं होतं. बार्शीत व्यापारी तुरीवर पाणी शिंपडून वजन वाढवायचे. अण्णा मूठभर तूर घरी आणायचे, सकाळी तोलायचे, ताटात पसरून उन्हात ठेवायचे, संध्याकाळी पुन्हा तोलायचे. ते ताट गच्चीवर नेऊन ठेवायचं काम माझं होतं. मी सात-आठ वर्षांची होते. चिमणी आली तर हाकलायची, एक दाणा कमी होता कामा नये. सुभेदारांना ही हकीकत मीच सांगितली होती, पहिल्या भेटीत, शंकरपाळे खाताना. त्यांनी ती लक्षात ठेवली होती. मी सांगून विसरले होते. अण्णांनी बोटं चोळून मला चूक दाखवली होती, लाल पेन्सिलीने दाखवायचे तशी, आणि मी शाबासकीची वाट बघत होते.

त्या दिवशी सुभेदारांनी मला वजन लावायला शिकवलं. त्यांची शिकवण थोडी होती. "घाईनं सोडू नका, तुमच्या हाताचा वारा लागतोय त्याला." "तो कुठं जातोय ते बगा, तुम्हाला कुठं न्यायचाय ते नंतर." मी गोळे लावायची, ते "जास्त झालं", "कमी झालं" म्हणायचे. अण्णा दोघांकडे बघत होते. सुभेदार घरी जाताना अण्णांनी दोन बोटं उचलली, आणि मला पुन्हा हेवा वाटला. शिकवण घेतल्याने तो कमी झाला नव्हता.

सव्वीस जानेवारीला सोसायटीचा झेंडा सुभेदारांच्या हातून फडकला. दुसऱ्या दिवशी ते गावच्या जत्रेला निघणार होते, दोन आठवड्यांसाठी. त्याआधी मासा नव्याने भरून आणला आणि त्याच्या पोटाखाली मातीचे चौदा दाणे एका ओळीत लावले. रोज किती गॅस निसटतो याचा अंदाज त्यांनी दोन महिन्यांत बांधला होता आणि दाणे त्या मापाने वळले होते.

"रोज एक काढायचा, एक दिस पुढनं, एक दिस मागनं. तेवढ्यावर हा थांबंल. चौदावा काढशीला त्या दिवशी मी दारात."

रेखा म्हणाली, "मैं निकाल दूँगी, अंकल." मी त्या वेळी कामावर असते हे तिला माहीत होतं.

"ना. ये मैडम का काम है," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "चार म्हंजे चार हां, पोरी." मला त्यांनी मॅडम सोडून काही म्हटल्याची ही एकच वेळ.

मला राग आला होता. दुपारी चार ही बातमीदाराची घरी असायची वेळ नाही. पण मी ऑफिसात सांगितलं, चौदा दिवस सकाळची पाळी घेतली आणि रोज साडेतीनला घरी पोचू लागले. चार वाजता यंत्र बंद करायचं, दाणा काढायचा, मासा सोडायचा, अण्णांच्या हातात रिमोट द्यायचा. अंगठा परत आला होता. मासा खोलीभर फिरायचा आणि मी खाली बसून बघायची. लहानपणी गच्चीवर तूर राखली त्यानंतर इतका वेळ मी अण्णांबरोबर एका कामात बसलेली मला आठवत नाही.

नवव्या दिवशी दुपारी सुभेदारांच्या मुलाचा फोन आला. सकाळी गावी, अंगणात चहा पिताना ते खुर्चीतून कलंडले. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं. तो विमानतळावरून बोलत होता.

मी सव्वातीनला घरी आले आणि अण्णांना सांगितलं. कोण, कुठे, केव्हा. कसं, हे विचारायची त्यांच्याकडे सोय नव्हती, ते मी आपण होऊन सांगितलं. त्यांनी डोळे मिटले. मी उठले नाही, तेही हलले नाहीत. मग त्यांनी डोळे उघडून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं आणि बरोबर चार वाजता डाव्या हाताचं एक बोट वर केलं. एक दाणा. मी यंत्र बंद केलं आणि नववा दाणा काढला.

दहावा, अकरावा, बारावा, तेरावा. त्यांच्या हातचा गॅस अजून त्या माशात होता, हे मला रोज जाणवायचं आणि अण्णांनाही जाणवत असणार. आम्ही त्याविषयी काही केलं नाही. दाणा काढला आणि मासा उडवला.

चौदाव्या दिवशी मी शेवटचा दाणा काढला आणि मासा सोडला. तो वीतभर खाली गेला. मला वाटलं, हिशेब एका दिवसाने चुकला. मी हात पुढे केला नाही. हाताचा वारा लागतो. मासा खाली थांबला, मग सावकाश वर आला, खुर्चीत बसलेल्या माणसाच्या डोळ्यांइतक्या उंचीवर, आणि तिथे राहिला. पोटाखाली एकही दाणा नव्हता. नाक सरळ.

"बरोबर," अण्णा म्हणाले.

स्पष्ट म्हणाले, र घोळला नाही. मी माशाकडे बघत होते, कारण सुभेदारांनी तसंच शिकवलं होतं. मी वळले तेव्हा अण्णांचे डोळे माशावर होते. शब्द सुभेदारांना होता, चौदा दिवसांच्या त्यांच्या अचूक मापाला, असंच मी धरून चालले. तसं ते योग्यही होतं. ते नव्हते म्हणूनच मी त्या जागी बसले होते, हेही लिहून ठेवायला हवं. मेलेल्या माणसाचा हेवा करता येतो. मी त्या क्षणी केला.

रेखा दारात ट्रे घेऊन उभी होती. "दीदी," ती म्हणाली, "बोलते वक़्त बाबूजी मछली को नहीं देख रहे थे. आपको देख रहे थे."

मी अण्णांना विचारलं. ते हसले, "हं" नाही आणि "ना" नाही. दुसऱ्या दिवशी मासा जमिनीवर होता.

रेखाखेरीज बघणारं कुणी नव्हतं. साक्षीदार एकच आहे, दुसरा मिळण्याचा संभव नाही. अशी बातमी मी बावीस वर्षांत दिलेली नाही. ही देते आहे.